अठ्ठावन अधिक एक

ज्याला मोजता येते त्याला समजतेही, अशी काही माणसांची भाबडी खात्री असते. आमचे जळगावचे घरमालक या पंथाचे जवळपास आद्य आचार्य होते. संस्कृतचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी सात वर्षे त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलो, आणि चित्त शांत ठेवण्याची जी काही साधना मी आयुष्यभर केली होती, तिची तेथे रोज परीक्षा झाली. आता मी धुळ्याला पुतण्याकडे असतो. माझ्या दाराशी चपलांचे जोड किती आहेत, हे येथे कोणी मोठ्याने जाहीर करीत नाही. या सुखाचे मोल ज्याला कळायचे त्याला कळेल.

सारे त्यांना 'नाना' म्हणत. मूळचे ते पिंपळनेरकडचे. पण सारी नोकरी भुसावळच्या रेल्वे यार्डात झाली. मालगाडी येऊन उभी राहिली की इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत तिच्या कडेने चालत जायचे, प्रत्येक डब्यावर रंगवलेला अकरा आकडी क्रमांक कागदावर उतरवायचा, आणि शेवटी डबे किती, म्हणजे 'लोड' किती, ते लिहून सही करायची, हे त्यांचे काम. चौतीस वर्षे त्यांनी ऊन-पावसात हे एवढेच केले. यात हसण्यासारखे काही नाही. कोणाला तरी ते करावेच लागते, आणि प्रामाणिकपणे केलेले कोणतेही काम ईश्वराला पोहोचते अशी माझी श्रद्धा आहे. परंतु नानांनी या कामाचे दर्शनशास्त्र केले होते, आणि सहा दर्शनांच्या शेजारी हे सातवे दर्शन बसवून घेण्याइतका मी उदार नाही.

सेवानिवृत्तीनंतर त्यांनी जळगावात घर बांधले, ते घर नव्हेच, जंक्शन होते. पुढच्या खोलीला ते 'अप मेन' म्हणत, स्वयंपाकघराला 'डाऊन मेन', आणि ज्या दोन खोल्यांत मी माझे देव, माझी पुस्तके आणि माझे म्हातारपण मांडले होते, त्यांना 'लूप लाईन'. सकाळी मी संध्येला बसलो की खिडकीशी आवाज येई :

"बुवा, लूप लाईनला पाणी आलं का?"

मी डोळे मिटून आचमन करीत असे. उत्तर न मिळाल्यास ते तेच वाक्य तीन वेळा म्हणत. चौथ्यांदा मात्र कधीच म्हणत नसत. तीनदा पुकारायचे आणि पुढे जायचे, असा बहुधा यार्डातला नियम असावा. कानामागे पेन्सिल, हातात कागदाची पाटी, आणि खडीवरून चालण्याची सवय झाल्यामुळे गुळगुळीत फरशीवरसुद्धा पाय उचलून उचलून टाकण्याची ती चाल! रस्त्याने माझ्याबरोबर फिरायला निघाले की समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा क्रमांक एकेक आकडा सुटा करून म्हणत. यावलकडून केळीचे ट्रक ओळीने येऊ लागले की त्यांच्या मुद्रेवर जो आनंद पसरे, तसा मी देवळातही फार थोड्यांच्या मुद्रेवर पाहिला आहे.

देवळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एका चातुर्मासात मी शेजारच्या राममंदिरात दुपारी पोथी वाचीत असे. पाच-सहा वृद्ध स्त्रिया आणि एक आंधळा गृहस्थ, एवढाच श्रोतृवर्ग. एकदा नाना लागोपाठ दोन दिवस येऊन खांबाला टेकून बसले, आणि अध्याय संपेपर्यंत हलले नाहीत. मला, खोटे कशाला सांगू, बरे वाटले. अशा माणसाच्याही अंतःकरणात कोठे तरी ओल असते, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर ते जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"बुवा, तुमच्या त्या अध्यायात 'उवाच' अकरा वेळा आलं."

"बरं."

"काल बारा वेळा आलं होतं. एक राहिलं का बघा."

तो निराळा अध्याय होता, हे मी त्यांना सांगितले नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? ज्याला पोथी म्हणजे एक मालगाडी वाटते, त्याच्याशी अध्यायभेदाची चर्चा करण्यात अर्थ नसतो. "आधी मोजा, मग बोला," हे त्यांचे आवडते वाक्य. ते मात्र मोजीत असतानाच बोलत, आणि बोलून झाल्यावर पुन्हा मोजीत.

त्यांची पत्नी मी तेथे जाण्याआधीच वारली होती. मुलगा पुण्याला नोकरीला. पंधरा दिवसांनी येई. सून जळगावातच सरकारी कचेरीत होती, शहाणी आणि कष्टाळू. तिची मुलगी पिहू बालकमंदिराच्या मोठ्या गटात होती. बाराच्या सुमारास रिक्षा तिला घरी सोडी, आणि तेव्हापासून सून संध्याकाळी परत येईपर्यंत ती नानांच्या ताब्यात असे. 'ताब्यात' हा शब्द मी जाणून वापरतो.

कारण नानांनी तिला मोजायला शिकवण्याचे मनावर घेतले होते. ओट्यावर खडूने लांबच लांब रूळ काढलेले असत. त्यावर चिंचोके, कधी शेंगा, कधी कपड्यांचे चिमटे, कधी सुनेच्या बांगड्या एकापुढे एक मांडलेल्या असत. पिहूने त्यांच्या कडेने चालायचे, प्रत्येक वस्तूला एकदा आणि एकदाच बोट लावायचे, बोट आणि शब्द बरोबर पडले पाहिजेत, मागे वळायचे नाही, मध्येच बोलायचे नाही, आणि शेवटी कानामागची पेन्सिल काढून उत्तर सांगायचे. होय, तिच्याही कानामागे पेन्सिल असे. तो लहानसा कान, आणि त्यामागे ती भली मोठी पेन्सिल!

"कितला डबा शेतस?" नाना विचारीत. एरवी बोलणे शहरातले. पण आनंद झाला किंवा राग आला की गावाकडची अहिराणी वर येई.

"आठ, नाना!"

"आठ! बराब्बर! पोर हुशार शे!" आणि मग खिडकीकडे तोंड करून, "ऐकलं का बुवा? लोड आठ!"

मी पुस्तकातून मान वर काढीत नसे. त्यांचे चिंचोके मोजायला जाण्याइतकी माझी बुद्धी अजून भ्रष्ट झालेली नव्हती. जावयास हवे होते, हे मला पुढे कळले.

संख्या ही माझ्या लेखी पवित्र वस्तू आहे. आमच्या पूर्वजांनी एकाला चंद्र म्हटले, दोनाला नेत्र, तिनाला अग्नी, चारांना वेद, पाचांना बाण. संख्या सांगताना सारे विश्व मुखात यावे, ही त्यामागची दृष्टी. एका दुपारी नाना पेन्शनच्या कामासाठी भुसावळला गेले असता मी पिहूला जवळ बसवून मोठ्या प्रेमाने हे शिकवायला घेतले. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली,

"बुवा, बाण कुठे आहेत?"

"मनात आणायचे, बाळ."

"मनातल्याला बोट कसं लावायचं?"

मी तिला खडीसाखर देऊन जायला सांगितले.

फाल्गुन संपत आला असताना एके संध्याकाळी सून कचेरीतून आली ती थेट ओट्यावरच बसली. पर्स खांद्यावर तशीच. शाळेने तिला दुपारी बोलावून घेतले होते. मी दारात उभा होतो, मला पाहून ती म्हणाली, "बुवा, तुम्हीपण ऐका. घरात निदान एक माणूस तरी शहाणं आहे." नाना समोर खुर्चीवर बसले होते. हा टोला त्यांना लागला नाही. असले टोले त्यांना लागत नसत.

शाळेचे म्हणणे असे होते. पिहू शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणते, लिहिते, ओळखते. पण समोर वस्तू ठेवून किती म्हणून विचारले की उत्तर चुकते. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी. पाच मणी ठेवले तर तीन सांगते. सहा ठेवले तर चार. बाईंनी शेवटी तिला विचारले की, हाताला बोटे किती, तर तिने आपला हात नीट पाहिला, आणि म्हणाली, तीन.

"स्वतःच्या हाताची बोटं, नाना! तीन!" सुनेचा आवाज फाटला. "सगळा वर्ग हसला. रिक्षाला चाकं किती विचारलं, तर म्हणाली, एक."

"मग?" नाना म्हणाले.

"मग काय? शनिवारी पुन्हा बघणार आहेत. नाही जमलं तर हे वर्ष पुन्हा मोठ्या गटात. पहिलीत घेणार नाहीत. आणि त्या म्हणाल्या की, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, मुलीची समज कमी असेल." एवढे बोलून ती थांबली, आणि मग अगदी हळू म्हणाली, "नाना, उद्यापासून तुम्ही तिला काही शिकवायचं नाही. आणि शनिवारी जर नाही जमलं, तर दुपारी ती इथे राहणार नाही. कोपऱ्यावरच्या शिकवणीच्या बाई ठेवून घेतात संध्याकाळपर्यंत. मी बोलून आले आहे."

नाना उठून आत निघून गेले. त्यांच्या त्या पाय उचलून टाकण्याच्या चालीचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला. माझ्या मनात, मला लाज वाटली पाहिजे, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की, एका उद्धट अज्ञानाला अखेर त्याचे फळ मिळाले. मुलीची समज कमी नव्हती, हे मी सांगू शकत होतो. चाळीस वर्षे मुले पाहिली आहेत. तिच्या बुद्धीवर कोणी तरी माती लोटली होती, आणि ती कोणी लोटली हे सांगण्यासाठी डॉक्टरची गरज नव्हती.

"बुवा, तुम्ही बघाल का एकदा?" सून म्हणाली. "तुमच्याजवळ ती शांत बसते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिहूला माझ्या खोलीत बोलावले. देवापुढच्या ताटातली पाच केळी काढून तिच्यासमोर ओळीने ठेवली, आणि काहीही न शिकवता नुसते पाहायचे असे ठरवले. असे नुसते पाहणे शिक्षकाला फार जड जाते. ती गुडघ्यांवर बसली. पहिल्या केळ्याला बोट लावले, ओठांचा चंबू केला, आणि श्वासातल्या श्वासात काहीसा आवाज काढला. मग दुसऱ्याला बोट : एक. तिसऱ्याला : दोन. चौथ्याला : तीन. पाचव्याला बोट लावले, दुसरा हात वर करून हवेत हलवला, आणि पेन्सिल काढून मला म्हणाली,

"तीन."

"पुन्हा मोज पाहू."

पुन्हा तेच. तोच चंबू, तोच हलणारा हात, तेच तीन. बोट कोठे अडखळले नाही, काही सुटले नाही, काही दोनदा मोजले गेले नाही. मी तिला जवळ घेऊन विचारले,

"हे पहिलं केळं का नाही मोजलंस, बाळ?"

तिने माझ्याकडे जे पाहिले, त्या दृष्टीत निव्वळ करुणा होती.

"बुवा, ते इंजिन आहे."

"आणि हे शेवटचं?"

"ब्रेक. गार्डबाबा बसतो ना त्याच्यात. तो लोड नसतो. तो 'अधिक एक'." आणि मला अजूनही कळले नसावे असे पाहून तिने हात वर करून हलवून दाखवला. "हिरवा झेंडा!"

त्या मुलीची बेरीज चुकत नव्हती, मोजणी चुकत नव्हती, समज तर मुळीच चुकत नव्हती. अंगठा इंजिन होता आणि करंगळी गार्डचा डबा. रिक्षाच्या तीन चाकांत एकच माल होता. अख्ख्या शाळेत जर कोणी एका नियमाने मोजत असेल तर ती हीच. फक्त तो नियम बालकमंदिराचा नव्हता, भुसावळ यार्डाचा होता.

आणि त्याच क्षणी मला नानांबरोबर पाहिलेले धुळ्यातले एक लग्न आठवले, ज्यात नानांचा एक नातेवाईक वरपिता होता. पंगतीत पत्रावळी किती हे मोजण्याचे काम नानांनी आपण होऊन पत्करले. वरण-बट्टी वाढायला घेतली, आणि पाच ओळींत मिळून दहा माणसे कोरड्या पत्रावळीसमोर बसून राहिली. वाढपी नानांच्या बोटामागून वाढत गेले होते, आणि सुटला तो प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा. वरपित्याने भर मांडवात त्यांची शोभा केली, तरी नाना ठामपणे सांगत राहिले की, मोजणी बरोबर आहे, वाढप्यांनीच घोळ केला. तेव्हा मला वाटले होते, खोटारडा माणूस आहे. तो खोटारडा नव्हता. त्याच्या लेखी ओळीच्या टोकाला बसलेले ते दहा उपाशी लोक माणसे नव्हतीच. पाच इंजिने आणि पाच ब्रेक होते.

मी तावातावाने पुढच्या खोलीत गेलो. 'अप मेन'ला.

"नाना, तुम्ही या पोरीला काय शिकवलंत? इंजिन सोडून मोजायला?"

"मग?" त्यांनी वर पाहिले. चेहऱ्यावर अपराधाचा लवलेशही नाही. उलट मी एवढ्या उशिरा चौकशी केली याचे आश्चर्य. "इंजिन मोजतस का कधी? इंजिन ओढस, डबा मोजतस. अठ्ठावन डब्यांची गाडी आली तर आम्ही काय लिहायचं? अठ्ठावन अधिक एक. साठ लिहिलं असतं तर साहेबानं घरी पाठवलं असतं."

"अहो, पण ते चिंचोके आहेत! केळी आहेत!"

"ओळीत उभं राहिलं की लोड."

"शाळा तिला मंद ठरवते आहे. तुमच्या या मूर्खपणापायी एका निरोगी मुलीला डॉक्टरकडे नेण्याची वेळ आली आहे. कोणतीही गोष्ट मोजायची तर सगळी मोजायची असते, एवढं तुम्हाला कळू नये?"

यावर ते उठून उभे राहिले. त्यांची नजर माझ्या उजव्या हातावर होती. जप अर्धवट टाकून मी पिहूला बोलावले होते, आणि माळ तशीच बोटांत राहिली होती.

"यार्डमातलं काय कळस तुमले! ते राहू द्या. तुमचं तुम्ही सांगा. त्या माळेत मणी किती?"

"एकशे आठ."

"मी मोजले आहेत. एकशे नऊ आहेत. तो गोंड्याजवळचा मोठा मणी तुम्ही मोजता का?"

मेरुमणी मोजत नाहीत. त्याला ओलांडतही नाहीत; तेथून माळ उलटी फिरवायची असते. हे मला वयाच्या आठव्या वर्षी शिकवले गेले, आणि त्यात कधी शंका घ्यावीशी वाटली नाही. मी त्यांना मेरूचे माहात्म्य समजावून सांगू शकलो असतो. त्यावर माझे एक टिपणही आहे. पण समोर उभ्या असलेल्या त्या माणसाला ते टिपण ऐकवण्याची इच्छा मला त्या वेळी झाली नाही. मी एवढेच म्हणालो की, तो विषय वेगळा. त्यावर नानांनी, "वेगळा कसा?" असे तीनदा विचारले, आणि चौथ्यांदा विचारले नाही.

संध्याकाळी सुनेला सारे सांगितले. आधी तिला हसू आले, मग डोळ्यांना पदर लावावा लागला. मुलगी ठीक आहे, हे कळण्याचा तो आनंद होता. मग ती सासऱ्यांसमोर जाऊन बसली.

"नाना, झालं ते झालं. परवा शनिवार आहे. तुम्ही तिला एवढंच सांगा, की इंजिनपण मोजायचं, ब्रेकपण मोजायचं."

"मी नाही सांगणार."

"अहो, मी सांगितलं तर ती ऐकत नाही. मगाशी सांगून पाहिलं. म्हणते, आई, तुला यार्डातलं कळत नाही."

"बरोबर म्हणते."

"नाना!"

"आज सांगायचं इंजिन मोजू नको, उद्या सांगायचं मोज. तिनं कोणतं खरं धरायचं? पोर उद्या मला विचारेल, नाना, तेव्हा खोटं सांगितलं की आता? तुम्ही त्या बाईंना सांगा. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना कळेल."

सून उठली. "मग सोमवारपासून शिकवणी," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

दुराग्रह म्हणजे काय हे मी मुलांना शिकवीत असे तेव्हा उदाहरणे शोधावी लागत. आता वाटते, एकच पुरले असते. हा माणूस दुपारभर त्या पोरीची वाट पाहत असे. साडेअकरापासून फाटकाशी उभा. ती आली नसती तर घरात त्याच्याशी बोलायला माझ्याशिवाय कोणी उरले नसते, आणि मी त्याच्याशी बोलत नसे. तरीही त्याला स्वतःच्या चौतीस वर्षांतला एक नियम जरासा वाकवता येईना.

शनिवारी सुनेने मला बरोबर येण्याची विनंती केली. वृद्ध शिक्षकाचा शब्द बाई ऐकतील, असे तिला वाटले. नाना न सांगताच रिक्षात येऊन बसले. सुनेने त्यांना एकच अट घातली : शाळेत एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी मान हलवली आणि गळ्याचे बटण लावले.

बाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. सुनेने इंजिनाची हकीकत सांगितली, मीही माझ्या परीने दुजोरा दिला. त्या हसल्या.

"छान आहे हो. पण मला तिच्या तोंडून बरोबर आकडा यायला हवा. वरच्या वर्गाला मी काय सांगू, इंजिन धरून घ्या?"

पिहूला समोरच्या छोट्या खुर्चीवर बसवले. बाईंनी डब्यातून मणी काढून टेबलावर ओळीने मांडले. पहिला लाल, मोठा; मागे सहा निळे. एकूण सात. आम्ही मागे भिंतीशी उभे होतो. नाना दाराच्या चौकटीत, अर्धे बाहेर.

"मोज पाहू, बेटा. किती आहेत?"

पिहूने बोट पुढे केले, आणि थांबली. घरात दोन दिवस काय चालले आहे हे तिच्या कानांवर येत होतेच. आई एक म्हणते, नाना काहीच म्हणत नाहीत. तिने बाईंकडे पाहिले.

"बाई, याला इंजिन लागलंय का?"

"बेटा, हे मणी आहेत."

हे उत्तर नव्हते. पिहू तशीच बसून राहिली. बोट हवेत, खालचा ओठ दातांत. बाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि समोरच्या कागदावर पेन टेकवले. सुनेने माझा हात धरला. माझी चाळीस वर्षांची विद्या त्या सात मण्यांपुढे मुकी झाली.

"इंजिन कटलं!"

एवढ्या मोठ्या आवाजात त्या शाळेत कोणी कधी बोलले नसेल. शेजारच्या वर्गातली बडबड एकदम थांबली. नाना चौकटीत ताठ उभे होते, एक हात तोंडाशी धरून, मधे दोन रूळ ओलांडून हाक मारावी तसे.

"ब्रेकपण कटला! उभा लोड शे! बठ्ठा मोज!"

इंजिन सुटले, गार्डचा डबा सुटला, आता रुळावर उभे आहे ते सारे मोजायचे : पिहूच्या चेहऱ्यावरचा ताण एका क्षणात उतरला. ओठांचा चंबू नाही, हात हलणे नाही. लाल मण्यावर बोट : एक. मग दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. कानामागे हात गेला. पेन्सिल आईने घरीच ठेवायला लावली होती. तशीच म्हणाली,

"सात."

बाईंनी मग बटणे मांडली, खडू मांडले, शेवटी स्वतःचा हात पुढे केला. पिहूने प्रत्येक वेळी दाराकडे पाहिले, नानांनी प्रत्येक वेळी मान हलवली, आणि प्रत्येक वेळी उत्तर बरोबर आले. कागदावर काही तरी लिहीत बाई सुनेला म्हणाल्या,

"एक सांगू? या वयाची मुलं एखादा मणी दोनदा मोजतात, एखादा सोडून देतात. हिचं बोट एकदाही चुकलं नाही. हे कोणी बसवलं?"

सुनेने मागे वळून पाहिले. दारात कोणी नव्हते.

ते बाहेर रिक्षात जाऊन बसले होते. आम्ही निघालो. पिहू आईच्या मांडीवर बसून रस्त्यावरचे विजेचे खांब मोजत होती, पहिल्यापासून. सुनेने सासऱ्यांकडे न पाहताच सांगितले, "सोमवारी शिकवणीच्या बाईंना मी नको म्हणून कळवते. दुपारी घरीच राहू दे तिला." समोरून केळीचे तीन ट्रक गेले. नानांनी एकाचाही क्रमांक म्हटला नाही. मला वाटले, आता विजयाची वार्ता महिनाभर ऐकावी लागणार, त्याची ही तयारी चालली असेल. मी मनातल्या मनात काही तिखट वाक्ये जुळवून ठेवली.

घरी आल्यावर सून आणि पिहू आत गेल्या. नाना ओट्यावरच बसले. मी माझ्या खोलीकडे वळलो, तशी मागून हाक आली. एकदाच.

"बुवा."

"काय?"

"तो लाल मणी इंजिनच होता. चांगला लागलेला दिसत होता मला." ते खाली फरशीकडे पाहत होते. "आणि मी कटलं म्हणून पुकारलं."

मी जुळवलेली वाक्ये तशीच राहिली. "मग आता?" मी विचारले.

"आता काय? पोर पुढे गेली ना."

आपण नोकरीत एकही लोड खोटा सांगितला नाही, असे ते सात वर्षे मला सांगत आले होते; इतक्या वेळा, की त्यावर माझा विश्वास बसेनासा झाला होता. त्या दुपारी तो बसला.